भोंग्यानंतरचं गाणं

माझी आई गात नाही. हे मी मनीषला फोनवर तीन वेळा सांगितलं. एकदा शांतपणे, एकदा आवाज चढवून आणि एकदा वर्गात सांगायचे तसं, एकेक शब्द सुटा करून. तरी त्याचं आपलं एकच, "बाई, पण मॅडम म्हणतात त्या आजींकडूनच गायला शिकल्या."

मनीष माझा चौथीचा विद्यार्थी. तेव्हाही गुणाकार दिला की बेरीज करायचा. आता केळव्याला त्याच्या नारळी-पोफळीत पाहुण्यांसाठी सहा खोल्या आहेत. तिथे फेब्रुवारीत ही अमेरिकन बाई उतरली आणि तिने त्याला एक जुना फोटो दाखवला. फोटोत पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसलेली एक गोरी पोरगी आणि शेजारी गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली शिडशिडीत बाई. मागे इंग्रजीत लिहिलेलं: नवसी, तारापूर, १९६८. मनीषने तो फोटो दिसेल त्या ग्रुपवर टाकला. मी तो निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर पाहिला आणि माझ्या हातून उत्तर गेलं, "ही माझी आई." त्या तीन शब्दांनी पुढचे पंधरा दिवस माझं डोकं उठवलं.

मुळात झालं होतं असं. तारापूरला विजेचा प्लँट बांधत होते तेव्हा अमेरिकेहून इंजिनिअर आले होते, बायकापोरांसकट. समुद्राच्या बाजूला त्यांचे बंगले आणि भोवती तारेचं कुंपण. माझा बाप झिपरू तिथे काँक्रीटची घमेली उचलायला होता आणि आई एका साहेबाच्या पोरीला सांभाळायला. मी तेव्हा आठ महिन्यांची. साहेबाच्या बायकोला आया हवी होती, आयाचं पोर नको होतं, पाड्यावरून रोगराई येते म्हणे. म्हणून आई सोमवार ते शनिवार बंगल्यामागच्या खोलीत राहायची आणि मी खाजणापलीकडे, म्हणजे खाडीच्या दलदलीपलीकडे, पाड्यावर, आजीकडे, पेजेवर. आई रविवारी यायची. अशी दोन वर्षं गेली. मला त्यातलं काही आठवत नाही. आजी सांगायची की मी भयंकर रडकी होते, फक्त प्लँटचा भोंगा झाला की घाबरून घटकाभर गप्प व्हायचे.

मला आठवतं ते पुढचं, आणि त्यात गाणं कुठेही नाही. आमच्यात लग्न लावते ती बाईच, धवलेरी, आणि लावते ती गाणी म्हणून. बाकीच्या बायका मागून सूर धरतात. माझी आई नेमकी त्याच वेळी पाणी आणायला गेलेली असायची. माझ्या लग्नातसुद्धा. लहानपणी मी विचारलं होतं, "आये, तू का नाय गात?" तर म्हणाली, "मला घसा नाय." भांडताना मात्र तोच घसा दोन पाडे ओलांडून जायचा. पुढे माझ्या मेघालीला मी पहिलीच्या पुस्तकातल्या कविता म्हणून झोपवलं, कारण मला दुसरं काही येतच नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण मनात ते राहिलं होतं.

भेटीच्या चार दिवस आधी मनीषने सोळा पानं छापून पाठवली. लॉरा व्हिटकोम्ब नावाच्या या बाई आपलं आयुष्य लिहीत होत्या आणि पहिलं प्रकरण माझ्या आईवर होतं. मनीषने ते फोनमध्ये घालून मराठी करून घेतलं होतं. "बाई, एकदा नजर टाका," म्हणाला. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या बाईला नजर टाका म्हणायचं नसतं. नजर टाकायची तर मला लाल पेन लागतं.

पहिल्याच पानावर, "माझ्या आयाच्या अंगाला नारळाचा सुगंध येई." आमच्या पाड्यावर एक नारळ नव्हता. आईच्या अंगाला वास यायचा तो लाल जंतुनाशक साबणाचा, आणि तो साबण साहेबीणबाईंनीच सक्तीने दिलेला. मारली रेघ. "ती समुद्राची लेक होती." आईला पोहता येत नाही, समुद्राला ती अजून वचकून असते. मारली रेघ. "तिच्या प्राचीन चेहऱ्यावर." प्राचीन? बावीस वर्षांची होती ती! इथे मी इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला.

पुढे त्यांचं स्वतःचं आयुष्य होतं आणि ते मी, रागातच, पण सगळं वाचलं. बाप अमेरिकेत परतला, पोरगी गावातल्या चर्चमध्ये गाऊ लागली. मग गाण्याची शाळा, मग सात वर्षं ऑपेरात मागे उभ्या राहून गाणाऱ्यांच्या घोळक्यात. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटक समजा, फक्त बोलणं जवळपास नाहीच. भांडायचं ते गाऊन, पत्र वाचायचं ते गाऊन, मरायचं तेही गाऊन. एकोणतिसाव्या वर्षी मुख्य गायिका तापाने आडवी झाली आणि फक्त चार तास आधी सांगून लॉराबाईंना उभं केलं. त्या रात्रीपासून त्यांचं नाव झालं. त्यांचा आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजात सगळ्यात वरचा. अशा आवाजाच्या बायकांना तिकडे बहुतेक मरावंच लागतं असं दिसतं. बाई क्षयाने मेल्या, सुऱ्याने मेल्या, विष खाऊन मेल्या, बुरुजावरून उडी टाकून मेल्या. तीस वर्षांत चारशेवर वेळा मेल्या आणि दर वेळी टाळ्या घेतल्या. आमच्याकडे जिवंत राहूनही कोणी टाळ्या वाजवत नाही.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. ऑपेरात माइक नसतो. समोर सत्तर वादक, त्यांच्यापलीकडे तीन हजार माणसं, आणि सगळ्यात वरच्या सज्जातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गळ्यातून निघालेला आवाज तसाच पोचला पाहिजे. लॉराबाईंचं नाव झालं ते यासाठीच. त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी विचारलं, इतक्या लांब आवाज टाकायला तुला कोणी शिकवलं? मी म्हणाले, भारतातल्या माझ्या आयाने. ती मला टाकीच्या ओट्यावर बसवायची आणि माझ्याकडे पाठ करून अंगाई गायची."

इथे मी पेन खाली ठेवलं. पाठ करून अंगाई? बाळाकडे पाठ करून कोण अंगाई गातं? खोटं लिहावं, पण निदान विचार करून लिहावं. ओळीभोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, "अशक्य. पुन्हा तपासा."

पण खरं सांगते, लाल पेनाने माझं समाधान होत नव्हतं. ती बाई थापा मारत असेल तर एक वेळ चालेल. पण नसेल तर? माझी आई दुसऱ्याच्या पोरीला मांडीवर घेऊन गायली आणि मला सगळ्या जन्मात एक ओळ नाही? साठीला आलेल्या बाईने असल्या गोष्टीवर रुसावं हे हास्यास्पद आहे, मला कळतं. कळून उपयोग होत नव्हता.

संध्याकाळी आई सुकट निवडत बसली होती तेव्हा विचारलं, "आये, तू त्या बंगल्यातल्या पोरीला गाणी म्हणायचीस?"

"मी कदी गायले नाय," ती वर न बघता म्हणाली.

"मग ती खोटं लिहिते?"

"मोटी मानसं लिवतात कायबाय. तू कशाला वाचते?"

शनिवारी दहाला येणार होते, ते साडेबाराला उगवले. मनीषने आधी बाईंना प्लँटच्या गेटवर नेलं होतं. तिथल्या पहारेकऱ्याने अर्थातच परत पाठवलं. नवसी नावाची आया इथे कामाला होती, हे काही गेट उघडायचं कारण नाही. मग येताना एमआयडीसीच्या रस्त्यावर टँकरच्या रांगेत दीड तास. आई सकाळी सहाला आंघोळ करून कॉटवर बसलेली. मी काढून ठेवलेली नवी साडी तिने नेसली नाही ती नाहीच. "बेबीनं मला लुगड्यातच बघितलंय," म्हणाली. बासष्ट वर्षांच्या बाईला बेबी म्हणत होती!

लॉराबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या सरावलीच्या खोलीचं दार लहान वाटलं. उंच, धिप्पाड, आणि अशा उन्हात गळ्याभोवती रेशमी रुमाल घट्ट. आत येताक्षणी मनीष म्हणाला, "बाई, पंखा बंद करा, मॅडमच्या घशाला वारा चालत नाही." पंखा बंद केला. शेजारच्या हेतलने मिरचीची फोडणी दिली होती, त्याचा खाट आला तर मॅडम खोकल्या. खिडकी बंद केली. चहा नको, दूध घशात चिकटतं. कोलंबीचं कालवण नको, तिखट. कोमट पाणी तेवढं हवं. विचारलं, गाणं कधी आहे? तर ऑक्टोबरात. शेवटचा कार्यक्रम, मग निवृत्ती. ऑक्टोबरासाठी फेब्रुवारीपासून पथ्य! बंद खोलीत घाम पुसत मी मनात म्हटलं, निवृत्त मीही झाले, मला एक नारळ आणि एक शाल मिळाली.

आईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बेबी, चपला भायेर काड."

मनीष भाषांतर करायला तोंड उघडत होता. त्याआधीच लॉराबाई दोन पावलं मागे गेल्या आणि वाकून बूट काढू लागल्या. एक शब्द मराठी येत नाही म्हणे त्यांना. वर मान केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"नाक अजून तसंच हाय," आई मला म्हणाली. "साकर चोरायची ही. दात इचार तिला, हायत का गेले."

मग लॉराबाई आईच्या पायाशी जमिनीवर बसल्या, गुडघे कुरकुरत असताना बसल्या, आणि आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मी कोमट पाणी ठेवायला आत गेले आणि भांडं जरा आपटलंच.

परत येऊन मी सोळा पानं पुढे ठेवली. लाल रेघांनी भरलेली ती पानं बघून मनीषचा चेहरा पडला. "बाई, मी फक्त नजर टाका म्हटलं होतं," तो पुटपुटला. लॉराबाईंनी मात्र चष्मा लावला, आपली इंग्रजी पानं आणि पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, एकेक सांगा. नारळ खोडला. समुद्राची लेक खोडली. प्राचीन खोडलं, आणि वर माफी मागितली. विद्यार्थिनी म्हणून चांगली होती हो बाई. असं करत आम्ही त्या लाल गोलाशी आलो.

मनीषने समासातलं वाचून सांगितलं. लॉराबाईंनी मान हलवली. "नाही. हे बरोबर आहे. तिची पाठ होती. मला तिचा अंबाडा आठवतो, गातानाचा चेहरा आठवतच नाही."

"आईला विचार," मी मनीषला म्हणाले.

त्याने विचारलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सांग तिला, मी गायले नाय. मला घसा नाय."

हे ऐकून लॉराबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या बराच वेळ बोलत राहिल्या आणि मनीष तुकड्यातुकड्याने सांगत राहिला. तीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत त्यांनी हेच सांगितलं होतं. शेवटच्या कार्यक्रमाचा शेवट त्या याच गाण्याने करणार होत्या, वाद्यांशिवाय, एकटीने. शब्द विसरल्या, चाल तेवढी राहिली, म्हणून शब्द घ्यायला आल्या. आणि आता आया म्हणते की गाणं नव्हतंच. मग आपण काय स्वतःच बनवलं हे सगळं?

मला बरं वाटलं. लपवत नाही. मला नाही तर तिलाही नाही, असं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. म्हटलं, "मनीष, निदान चाल म्हणून दाखवा म्हणावं. आईला दुसरं काही आठवेल."

लॉराबाईंनी डोळे मिटले आणि हळू, अगदी पाळण्यातल्या पोराला म्हणावं तशा गायल्या. शब्द नव्हते, नुसता सूर. वर चढणारा, मग एका जागी थांबून राहणारा. चांगला होता. मला त्यातलं कळत नाही, पण चांगला होता. आईची बोटं पदरावर थांबली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तेव्हा आई एकदम कातावली.

"बंद कर! असं नाय ते. असं कोन म्हनतं?"

आई काठी न घेता उठली. लॉराबाईंचं मनगट धरून तिने त्यांना उभं केलं, खिडकीकडे नेलं आणि मनीषवर खेकसली, "उगड ती!" खिडकी उघडली. मिरचीचा वास, एमआयडीसीचा तो नेहमीचा उग्र वास, सगळं आत आलं. लॉराबाई वळून तिच्याकडे बघायला लागल्या तर आईने खांद्याला धरून त्यांना परत फिरवलं.

"माज्याकडं काय बघते? तिकडं बघ. लांब बघ. मोट्यानं म्हन. एवड्यात खाजन बी नाय ओलांडायचं."

मनीषने घाईघाईने सांगितलं. लॉराबाईंनी गळ्यातला रुमाल काढून टाकला. मग त्यांनी जो आवाज लावला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. ओरडणं नव्हतं ते, पण मांडणीवरची ताटं वाजली. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत माणसं आली. हेतल हातात झारा घेऊन दारात उभी राहिली. आवाज खोलीत राहतच नव्हता, खिडकीतून सरळ बाहेर चालला होता, कोणालातरी गाठायला. आणि त्याच्याबरोबर, मागून, गात नाही पण बोलल्यासारखी, आई शब्द देत होती.

"रखमे गो रखमे, भात निवला का,
आय उबी कुपाशी, वारा शिवला का."

रखमा माझं नाव आहे.

सूर संपला. "हे कोणाला म्हणायचीस?" मी विचारलं. माझा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला.

"या घरात रखमा कितीजनी हायत?" आई त्रासून म्हणाली आणि कॉटवर जाऊन बसली.

मग तिने सांगितलं, तेही उपकार केल्यासारखं. दिवसभर प्लँटवर मशिनांचा गोंगाट. चारचा भोंगा झाला की पाळी बदलायची आणि घटकाभर सगळं थांबायचं. त्याच सुमाराला समुद्रावरून वारा सुटायचा, पाड्याच्या दिशेने. ती बेबीला टाकीच्या ओट्यावर बसवायची, म्हणजे पोरगी पडणार नाही, आणि स्वतः कुंपणाशी, कुपाशी, जायची. खाजणापलीकडे आमची झोपडी ठिपक्याएवढी दिसायची. आजीला सांगून ठेवलं होतं, भोंगा झाला की पोरीला अंगणात काढ. मशिनं पुन्हा सुरू होईपर्यंत ती गायची, रोज, जिवाच्या आकांताने. बेबी मागे बसून ऐकायची, ती आपली नुसती ऐकायची.

"आजीला विचारायचंस ना, ऐकू येतं का?"

"म्हातारीला भोंग्याबिगर काय आयकू यायचं? बहिरी ती."

"मग सोडलंस का?"

आईने खिडकीकडे पाहिलं. "सायबाचं काम झालं, ते गेले. मी घरी आले. तू पावनेतीन वर्साची. मला बगून म्हातारीच्या मागं लपली. मी म्हटलं, गानं म्हनते, वळखेल. म्हटलं तर तू भोकाड पसरलंस. कानावर हात ठेवलेस. मंग मला समजलं का पोचलंच नाय. दोन वर्सं मी तारंला गात व्हते. मंग कशाला गायाचं?"

मनीषने हे सगळं सांगितलं. नीट सांगितलं असावं, कारण मध्ये त्याने दोनदा खिशातून रुमाल काढला. लॉराबाई खिडकीला टेकून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं." मग हसल्या, डोळे पुसत. "मला लोक विचारायचे, तू गाताना कोणाकडे बघतेस? मी म्हणायचे, माहीत नाही, शेवटच्या खुर्चीच्याही मागे कोणीतरी आहे."

त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं. तपासताना माझं चुकलं आणि पोराचं बरोबर निघालं, तर मी माझी लाल रेघ दोन आडव्या रेघांनी खोडते आणि शेजारी सही करते. पोरांसमोर करते. तशी केली. "अशक्य" खोडलं, सही केली, तारीख घातली. लॉराबाईंनी विचारलं, हे गाणं मी ऑक्टोबरात गाऊ का? आई म्हणाली, "म्हन. पन पोरीचं नाव गाळू नको."

साडेतीनला ते गेले. मी खिडकी उघडीच ठेवली, पंखा लावला आणि उरलेलं कालवण झाकून ठेवलं. मला आईशी भांडायचं होतं आणि कशावरून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. साठ वर्षं! साठ वर्षं ही बाई पाणी आणायच्या निमित्ताने लग्नाच्या मांडवातून उठून जात होती, आणि मी तिला घसा नाही असं समजून चालले होते. रागही तिचाच येत होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि आमच्या घरात जवळबिवळ घ्यायची पद्धत नाही.

दिवेलागणीला मी तांदूळ धूत होते तेव्हा ती कॉटवरून म्हणाली, "रखमे, तुला आयकू यायचं का गो?"

"यायचं," मी म्हणाले.

"खोटं बोलते. तुला काय आटवतंय?"

"मला नाही आठवत. आजी सांगायची. दिवसभर रडायचे म्हणे, आणि भोंगा झाला की गप्प व्हायचे. ती म्हणायची, भोंग्याला घाबरते. भोंगा एकदा वाजून थांबायचा ना गं? त्याच्यापुढे घटकाभर मी कशाला गप्प बसले असते?"

मी हात पुसत बाहेर आले. आई पदर तोंडाशी धरून ताठ बसली होती, आणि मला वाटलं आता रडणार. ती भडकली.

"मेली म्हातारी! मला एका शबदानं बोलली नाय! आनि तू? तू हे मला आज सांगते?"

"तू विचारलंस कधी?"

"तू तरी इचारलंस?"

"तू म्हणालीस घसा नाही!"

"मंग काय सांगू? तुज्याकडं माजं गानं पोचलं नाय असं सांगू?"

दोघी मोठमोठ्याने बोलत होतो. हेतलने भिंतीवर टकटक केली. मग मी आत गेले आणि कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, झाकण पडलं, मी ताटं घेतली, भात परातीत मोकळा केला. ऐंशीच्या बाईला गरम भात घशाखाली उतरत नाही, निववूनच द्यावा लागतो. बाहेर आई काहीतरी खाकरत होती. एकदा, दोनदा. पुन्हा खाकरली.

मग ते आलं. सूर कुठल्या कुठे जात होता, वरचा स्वर तर लागलाच नाही, आणि तो आवाज आता कसलं खाजण ओलांडणार, कॉटपासून चुलीपर्यंत जेमतेम येत होता.

"रखमे गो रखमे, भात निवला का..."

मी परात हातात धरून उभी राहिले. पुन्हा तीच ओळ आली, या वेळी जरा चिडून.

"निवला गं!" मी ओरडले. "ये आता जेवायला. किती वेळच्या हाका मारतेस!"